वजने उचलल्याने वाढत्या वयातील मुलाची उंची खुंटते का?

शहापूरची_आई
नमस्कार मंडळी. माझा मुलगा यंदा नववीत आहे. वय १४ वर्षे २ महिने, उंची १५६ सेंटीमीटर. गेल्या महिन्यापासून त्याने गल्लीतल्या मुलांबरोबर जिमला जाण्याचा हट्ट धरला आहे. पुढे सैन्यात जायचे त्याच्या मनात आहे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे तिथल्या मुलाने असे ठरवले तर त्यात नवल नाही. घरात मात्र यावरून दोन तट पडले आहेत. सासूबाईंचे माहेर खानापूर तालुक्यातले. डोक्यावर भारा आणि हातात वजन आले की पोर गिड्डे राहते, असे त्यांचे ठाम मत आहे, आणि त्यासाठी त्या माहेरच्या चार-पाच जणांची उदाहरणे देतात. माझ्या यजमानांना हे सारे खुळचट वाटते. पण ते स्वतः कधी तालमीत गेलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर सासूबाईंचा विश्वास नाही.

यजमानांची उंची १६५ सेंटीमीटर आहे आणि माझी १५२. म्हणजे घराण्यात उंची आधीच बेताची. भरतीला उंचीची अट असते, आणि आज मुलाचे मन राखण्यासाठी हो म्हटले व पुढे दोन सेंटीमीटरसाठी त्याला माघारी यावे लागले, तर तो दोष मला जन्मभर लागेल. कृपया ऐकीव सांगू नका. ज्यांना या विषयाची खरी माहिती आहे किंवा ज्यांनी स्वतः मुलांना तयार केले आहे, त्यांनीच लिहावे ही विनंती.

जुना_मल्ल
ताई, मी कंग्राळीच्या बाजूचा. वयाच्या अकराव्या वर्षी लाल मातीत उतरलो आणि पुढे वीस वर्षे कुस्ती केली. आनंदवाडीच्या आखाड्यातही खेळलो आहे. आमच्या वस्तादांचा नियम असा होता की मिसरूड फुटल्याशिवाय कोणत्याही पोराने जड वजनाला हात लावायचा नाही. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, दोर चढणे आणि खोऱ्याने हौद (कुस्तीच्या मातीचा खड्डा) उकरणे एवढेच लहान पोरांनी करायचे. करेला (लाकडी मुद्गल) फिरवायचा तोही हलका. जत्रेत उचलतात तो दगडी गोटा, ज्याला आपल्या भागात कन्नडमध्ये संग्राणी कल्लू म्हणतात, त्याच्या जवळपास दिसलो तरी पाठीत धपाटा बसायचा. कारण विचारले तर वस्ताद एवढेच म्हणत की हाड कोवळे आहे, दबले तर वाढायचे नाही.

मी शिकलेला माणूस नाही, पण ज्या माणसाने चार-पाचशे पोरे डोळ्यांसमोर वाढताना पाहिली, त्याच्या बोलण्याला काही किंमत असावी असे मला वाटते. माझा सल्ला असा की आणखी दोन वर्षे मुलाला तालमीत पाठवा आणि जिमचे नंतर पाहा.

कॅम्पचा_तरुण
आजी बरोबर बोलतात. आमच्या जिममध्ये जे जास्तीत जास्त वजन मारतात ते सगळे ठेंगणे आहेत.

दैहिक_शिक्षक
कॅम्पच्या मित्राने जे पाहिले ते खरे असेल, पण त्याने त्यातून काढलेला अर्थ उलटा आहे. मी सेवानिवृत्त दैहिक शिक्षक आहे (सीमेपलीकडे ज्यांना पीटीचे सर म्हणतात, त्यांना आपल्या शाळांत हे नाव आहे). बास्केटबॉल खेळल्याने मुले उंच होतात, असेही लोक मला तीस वर्षे सांगत आले. प्रत्यक्षात उंच मुलगा बास्केटबॉलच्या संघात टिकतो आणि ठेंगणा मुलगा वजन उचलण्यात टिकतो. हात-पाय आखूड असले की बार जमिनीपासून डोक्यावर नेताना अंतर कमी पडते, आणि वजनगटांची स्पर्धा असल्यामुळे हलक्या गटात कमी उंचीच्या माणसाला त्याच वजनात अधिक स्नायू बसवता येतात.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, आणि त्याच दिवशी कुंदापूरच्या गुरुराजा पुजारीने ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. दोघेही ठेंगणे आहेत, आणि त्या गटांत उंच खेळाडू जवळजवळ सापडतच नाही. तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू १४७ सेंटीमीटरचा होता. त्याने १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात १९० किलो डोक्यावर नेले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. आता त्याच खेळातला जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे पाहा. तो सर्वांत वरच्या गटात खेळला, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी आहे आणि त्याची उंची १९७ सेंटीमीटर आहे. वजन उचलण्याने उंची खुंटत असती तर हा माणूस कुठून आला असता?

अस्थितज्ज्ञ_खानापूर
मी हाडांचा डॉक्टर आहे. ताईंनी ऐकीव नको म्हटल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला आपण वाढीची पट्टी म्हणू. तिथल्या पेशी एकावर एक रचल्यासारख्या वाढतात, फुगतात आणि हळूहळू त्यांच्या जागी हाड तयार होते. उंची वाढते ती या पट्ट्यांतून आणि कण्यातून. पायाच्या बाबतीत सर्वाधिक काम गुडघ्याच्या आसपास चालते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या पट्टीतून होते. मुलींमध्ये वाढीचा वेग साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास. त्या शिखराच्या काळात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर वाढू शकतो. पुढे पट्टी हाडात विरून जाते आणि उंची थांबते.

ती कशामुळे विरते, हे समजून घेणे या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बहुतेकांच्या मनात ती दाबाने चेपली जाते असे चित्र असते. पट्टी बंद करण्याचा संदेश इस्ट्रोजेन हे संप्रेरक देते, आणि हे मुलग्यांच्या बाबतीतही खरे आहे, कारण त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकात एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश घेताच येत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटीमीटर झाली होती आणि त्या वयातही त्याच्या पट्ट्या उघड्या होत्या. तो गडी ओझी उचलत होता की नाही, याचा त्याच्या उंचीशी काही संबंध नव्हता.

आता दाबाविषयी. सतत, दिवसरात्र, महिनोन्महिने एका बाजूने दाब राहिला तर पट्टीची वाढ मंदावते, हे खरे आहे. आम्ही अस्थितज्ज्ञ त्याचा उपयोगही करून घेतो: वाकड्या गुडघ्याच्या मुलात पट्टीच्या एका बाजूला छोटी धातूची पट्टी बसवून ती बाजू काही काळ रोखतो आणि पाय सरळ करतो. पण आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी काही सेकंद पडणारा भार म्हणजे तो सततचा दाब नव्हे. साधे धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो आणि उंचावरून उडी मारून उतरताना त्याहून अधिक. चिंचेच्या झाडावरून उड्या मारणाऱ्या पोराच्या उंचीची काळजी कोणी केलेली मी तरी पाहिली नाही.

अभ्यासांबद्दल म्हणाल, तर वाढीच्या क्षेत्रातले ज्येष्ठ संशोधक रॉबर्ट मलिना यांनी २००६ साली मुलांच्या वजन-प्रशिक्षणावरील २२ अभ्यास एकत्र तपासले आणि देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचा उंचीवर परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष काढला. २०१४ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून काढलेले निवेदन आणि २०२० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने काढलेले निवेदन, दोन्ही हेच सांगतात. एक मर्यादा प्रामाणिकपणे नोंदवतो: यातले बहुतेक प्रयोग काही आठवडे ते काही महिने चाललेले आहेत, आणि मुलाला अकराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत प्रयोगात बांधून ठेवणे कोणालाच शक्य नाही. तरीही वर सांगितलेली शरीररचना आणि हे निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात.

जुना_मल्ल
डॉक्टरसाहेब, आपण शिकलेले आहात, आपले म्हणणे मी खोटे म्हणत नाही. पण मग आमचे वस्ताद चुकले असे समजायचे काय? आणि ताईंच्या सासूबाईंनी पाहिलेली माणसे? भारे वाहणारी माणसे ठेंगणी राहिलेली मीही पाहिली आहेत.

अस्थितज्ज्ञ_खानापूर
मल्लकाका, आपले वस्ताद चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी घातलेला नियम चांगला होता. त्याचे सांगितलेले कारण तेवढे वेगळे आहे.

झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात हाड लांब होते, पण तितक्या वेगाने ते भरत नाही. म्हणून मनगटाजवळची हाडे मोडण्याचे प्रमाण नेमके त्याच वयात अधिक असते. शिवाय हात-पाय एकाएकी लांब झाल्याने मुलाचा तोल आणि अंदाज काही महिने बिघडतो, दाराला खांदे आपटतात, हातातून वस्तू पडतात. अशा मुलाच्या हातात कोणी डोक्यावरून फेकण्याइतका जड गोटा दिला तर पट्टीच मोडू शकते. वाढीच्या पट्टीच्या अस्थिभंगाचे पाच प्रकार १९६३ साली सॉल्टर आणि हॅरिस यांनी मांडले आणि आजही आम्ही तेच वापरतो. त्यातले काही प्रकार नीट बसवले नाहीत तर ते हाड आखूड किंवा वाकडे राहू शकते. हे होते ते पडल्याने, आपटल्याने, पेलत नसलेले वजन एकट्याने डोक्यावर नेताना, आणि खरे सांगायचे तर सायकलवरून आणि झाडावरून पडून कितीतरी अधिक. तेव्हा वस्तादांनी पोरांना गोट्यापासून दूर ठेवले हे योग्यच केले.

पण एक विचारतो. तालमीत चौदा वर्षांची पोरे कलाजंग डाव मारत होती ना? जोडीदार ४५ किलोचा असेल तर ते ४५ किलोचे हलणारे, धडपडणारे वजन खांद्यावर घेणे झाले. तेवढे वजन बारवर ठेवून आजच्या जिममध्ये त्या वयाच्या नवशिक्याला कोणी देत नाही.

ओझ्याची गोष्ट वेगळी आहे. जपानच्या दुर्गम भागातील, जड कामाला जुंपलेल्या मुलांची वाढ खुंटल्याचे निरीक्षण १९६४ साली टोकियोतील परिषदेत मांडले गेले, आणि वजनाने उंची खुंटते या समजाला तिथून बराच आधार मिळाला. पण ती मुले दिवसभर राबत होती आणि त्यांच्या पोटात पुरेसे अन्न जात होते असे मानायला आधार नाही. आपल्याकडे ऊसतोडीच्या फडात, खाणीवर किंवा डोंगरातून लाकडाचे भारे आणताना जी मुले वाढली, त्यांच्या डोक्यावरचा भारा आपल्या डोळ्यांना दिसतो. त्यांची अर्धी भाकरी, वारंवारचे जुलाब आणि अपुरी झोप दिसत नाही. सासूबाईंनी पाहिलेली माणसे खरीच ठेंगणी असतील. त्यांच्या उंचीचा हिशेब मात्र डोक्यापेक्षा पोटाकडून मांडायला हवा.

जुना_मल्ल
कलाजंगाचे पटले. हसूही आले. आम्ही बाराव्या वर्षी मारत होतो.

चिकोडीची_ताई
मी शाळेत पोषणाचे काम पाहते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. १०० मिलीलीटर दुधात ते साधारण १२० मिलीग्रॅम असते आणि १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास. म्हणजे दोन मोठे पेले दूध, एका वेळेला नाचणीची भाकरी किंवा आंबील, जेवणात दही, तिळाची चटणी आणि एखादी पालेभाजी एवढ्यावर भागते. खानापूरकडच्या घरात हे सारे फडताळातच असते. त्यासाठी डबाभर पावडर आणण्याची गरज नाही. प्रथिनांसाठी अंडी, मोड आलेले हुलगे, शेंगदाणे, डाळ पुरेशी आहे. सकाळी शाळेची घाई म्हणून केवळ चहा-बटरवर निघणारा मुलगा संध्याकाळी जिममध्ये घाम गाळत असेल, तर त्याच्या उंचीची चिंता जिममुळे नव्हे, त्या चहा-बटरमुळे करावी.

आणि झोप. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि सकाळी साडेपाचला जिम, हा क्रम मी अनेक घरांत पाहते.

शहापूरची_आई
सर्वांचे मनापासून आभार. आपली चर्चा वाचून मुलाला गेल्या सोमवारपासून जाऊ दिले. पण आता एक नवीनच संकट उभे राहिले आहे. सुरुवात करण्यापूर्वी सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या चौकटीला त्याला उभे करून पेन्सिलीने खूण केली होती. काल रात्री तो जिममधून आल्यावर त्यांनी पुन्हा मोजले, तर उंची एक सेंटीमीटरहून थोडी अधिकच कमी भरली. मी स्वतः दोनदा मोजले. पुस्तक डोक्यावर आडवे धरून, टाचा चौकटीला टेकवून मोजले. फरक खरा आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण जेवल्याही नाहीत. आठ दिवसांत एक सेंटीमीटर गेला तर वर्षात काय होईल? कृपया लवकर उत्तर द्यावे.

अस्थितज्ज्ञ_खानापूर
ताई, पहिली खूण सकाळी केली होती का?

शहापूरची_आई
हो. शाळेला जाण्यापूर्वी, साडेसहाच्या सुमारास.

अस्थितज्ज्ञ_खानापूर
मग सासूबाईंना आधी जेवायला वाढा.

कण्याच्या मणक्यांमध्ये ज्या चकत्या असतात त्यांत पाणी असते. दिवसभर उभे राहून, बसून, चालून त्या थोड्या दबतात आणि रात्री आडवे झाल्यावर पुन्हा पाणी शोषून फुगतात. त्यामुळे प्रत्येक माणूस सकाळी उठल्यावर रात्रीपेक्षा एक ते दोन सेंटीमीटर उंच असतो. मी, आपण आणि सासूबाईसुद्धा. व्यायामानंतर हा फरक थोडा लवकर दिसतो इतकेच. वाढीच्या पट्टीचा याच्याशी काही संबंध नाही. दोरावर किंवा बारला लोंबकळल्याने उंची वाढते, असे जे सांगितले जाते, तेही याच चकत्यांचे काम आहे. थोडा वेळ ताणल्या जातात आणि दुपारपर्यंत जिथल्या तिथे येतात.

यापुढे महिन्यातून एकदाच, ठरलेल्या तारखेला, सकाळी उठल्याबरोबर, अनवाणी मोजा. तीन महिन्यांच्या आतल्या फरकावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

आता आपण पहिल्या प्रश्नात दिलेल्या आकड्यांकडे येतो. मुलाची अपेक्षित उंची काढण्याचा ढोबळ हिशेब असा: आई आणि वडील यांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर तीत १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे आणि दोनाने भागायचे. आपल्या मुलासाठी १६५ अधिक १५२ अधिक १३, म्हणजे ३३०, भागिले दोन, म्हणजे १६५ सेंटीमीटर. यात साडेआठ सेंटीमीटर खाली-वर होऊ शकते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे तो १६५ वर थांबला तर त्याचे खापर कोणीतरी बारवर फोडेल. ती उंची आपण दोघांनी त्याला आधीच दिलेली आहे.

दैहिक_शिक्षक
हा चौकटीचा घोळ मीही शाळेत केलेला आहे. जूनमध्ये सकाळच्या प्रार्थनेनंतर उंच्या घेतल्या आणि पुढच्या वेळी दुपारच्या शेवटच्या तासाला. अर्ध्या वर्गाची वाढ नगण्य भरली आणि मी पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. अजून आठवले की लाज वाटते.

निपाणीचा_थोरला
एवढा वेळ नुसता वाचत होतो, पण एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही म्हणून लिहितो. जिममध्ये उंची खुंटवणारी वस्तू आहे, आणि ती बारवर नसते.

माझा आत्येभाऊ पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) असताना एका जिममध्ये जाऊ लागला. जिमचे आणि तिथल्या प्रशिक्षकाचे नाव घेत नाही. तीन महिन्यांत त्याचे खांदे असे भरले की गल्लीत सगळे वळून पाहू लागले. उंचीही त्या काळात भराभर वाढली, त्यामुळे आत्या खूश होती. चेहऱ्यावर आणि पाठीवर मुरुमांचे थर आले, चिडचिड वाढली, तेव्हा वयात आल्याचे लक्षण म्हणून कोणी लक्ष दिले नाही. पुढे त्याच्या बॅगेत गोळ्यांची डबी सापडली. जिममध्ये ज्याला ‘कोर्स मारणे’ म्हणतात ते त्याने चार महिने केले होते. डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायला लावला. त्यावरून हाडांचे वय कळते म्हणे. त्याचे वय साडेसोळा होते आणि हाडांचे वय अठराच्या पुढे गेलेले होते. त्याच्यानंतर त्याची उंची वाढली नाही. त्याच्या धाकट्या भावाने आज त्याला मागे टाकले आहे.

गोळ्या कोणी दिल्या, हे त्याने आजवर सांगितलेले नाही.

अस्थितज्ज्ञ_खानापूर
निपाणीकरांनी लिहिले ते या धाग्यातले सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. ॲनाबॉलिक स्टेरॉइड ही टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली औषधे आहेत. त्यांतल्या अनेकांचे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि जो संदेश अठराव्या वर्षी पोहोचायचा तो पट्टीला सोळाव्या वर्षीच पोहोचतो. सुरुवातीला वाढ जोरात दिसते, म्हणून घरचे निश्चिंत होतात. आणि पट्ट्या वेळेपूर्वी बंद होतात. एकदा बंद झालेली पट्टी कोणत्याही औषधाने उघडत नाही. शिवाय यकृतावर आणि हृदयावर परिणाम होतो, आणि शरीराची स्वतःची संप्रेरके बनवण्याची क्रिया मंदावते, ते वेगळेच. वजनांना घाबरून मुलाला घरी ठेवणारे पालक अनोळखी डब्यातली पावडर मात्र त्याला दुधातून देतात, हे मी दवाखान्यात पाहतो. ज्या डब्यावर काय आहे ते नीट वाचता येत नाही आणि ज्याचे बिल मिळत नाही, ते घरात आणू नये.

कॅम्पचा_तरुण
मी वर जे लिहिले ते मागे घेतो. पण मग चौदा वर्षांच्या मुलाने नेमके करायचे तरी काय, हे कोणी सांगेल का? माझा लहान भाऊही मागे लागला आहे.

दैहिक_शिक्षक
सांगतो. पहिले दोन महिने वजन शोधूच नका, हालचाल शोधा. पूर्ण खाली जाणारी बैठक, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणे, जोर, बारला लोंबकळून शरीर वर ओढणे आणि पोटाचे व्यायाम. हे सारे आरशासमोर नाही, तर पाहणाऱ्या माणसासमोर करायचे, कारण मुलाला स्वतःची वाकलेली पाठ आरशात दिसत नाही. ते सुबक झाले की रिकामा बार किंवा काठी घेऊन त्याच हालचाली करायच्या. लक्षात ठेवा की ऑलिंपिकचा पूर्ण बार रिकामाच २० किलोचा असतो, त्यामुळे बारीक अंगाच्या मुलाला तोही सुरुवातीला जड होऊ शकतो.

मग हलके वजन, ज्याच्या १० ते १५ आवृत्त्या न अडखळता होतील असे, एक किंवा दोन सेट, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, आणि मध्ये एक दिवस सुट्टी. वजन वाढवायचे ते पाच-दहा टक्क्यांनी, आणि तेही शेवटची आवृत्ती पहिल्यासारखीच दिसत असेल तेव्हा. मित्रांसमोर ‘जास्तीत जास्त किती’ ही पैज लावायची नाही. एकट्याने बेंचवर आडवे व्हायचे नाही. लहान मुलांना होणाऱ्या जिममधल्या इजांत हाता-पायावर प्लेट पडणे आणि बोटे चेमटणे यांचाच वाटा मोठा असतो, म्हणून पायात बंद बूट हवेत आणि प्लेट काढताना-घालताना गप्पा नकोत.

वयात येण्यापूर्वीच्या मुलाचे दंड फुगत नाहीत म्हणून तो नाराज होतो. त्या वयात ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावायला शिकतात म्हणून. हे त्याला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे तो कोणाच्या ‘कोर्स’च्या नादी लागत नाही.

येळ्ळूरकर_वहिनी
माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला वेटलिफ्टिंग आवडते. मुलींसाठी वेगळे काही?

अस्थितज्ज्ञ_खानापूर
वहिनी, उंचीच्या बाबतीत नियम तोच. मुलींची झपाट्याची वाढ पाळी सुरू होण्यापूर्वीच बरीचशी झालेली असते आणि त्यानंतर साधारण पाच ते सात सेंटीमीटर उंची वाढते. तेव्हा पाळी आल्यावर वाढ मंदावली तर दोष वेटलिफ्टिंगला देऊ नये. भारामुळे हाडे घट्ट होतात आणि हाडांची ही साठवण बहुतांशी विशीच्या आतच होते, म्हणून मुलींनी तर हा व्यायाम अवश्य करावा. धोका एकच: वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणे. खाणे तुटले, पाळी लांबली किंवा थांबली, तर तो खेळ तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायला हवे. मुलींनी वजने उचलणे हे आपल्याकडे नवीनही नाही. ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री कर्णम मल्लेश्वरी, २००० साली सिडनीत, वेटलिफ्टिंगमध्येच.

ज्या मुलामुलींना हृदयाचा विकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा फेफरे आहे, त्यांनी मात्र आधी तपासणी करूनच सुरुवात करावी.

जुना_मल्ल
ताई, मी माझा सल्ला थोडा बदलतो. तालीम आणि जिम दोन्ही चालतील, पाहणारा माणूस मात्र पाहिजे. मुलाला रविवारी सकाळी आमच्याकडे आणलेत तर त्याची बैठक पाहीन. फी वगैरे काही नाही.

शहापूरची_आई
काका, रविवारी येतो. 

शहापूरची_आई
दोन महिन्यांनंतर पुन्हा लिहिते आहे, कारण धागा अर्धा सोडणे बरे वाटत नाही. खूण आता महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी होते आणि ती सासूबाईच करतात, मला पेन्सिलीला हात लावू देत नाहीत. दोन महिन्यांत दीड सेंटीमीटर वाढ आहे. डॉक्टरसाहेबांनी तीन महिने थांबायला सांगितले आहे, म्हणून आनंद राखून ठेवला आहे.

एक शंका उरली आहे. गेल्या आठवड्यापासून त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, पुढच्या बाजूला दुखते. तिथे थोडा उंचवटा आला आहे आणि दाबले की कळ येते. फुटबॉल खेळून आल्यावर अधिक दुखते. घरात पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे की बैठका बाधल्या.

अस्थितज्ज्ञ_खानापूर
वर्णनावरून हा ऑसगुड-श्लॅटर नावाचा त्रास वाटतो, पण गुडघा न पाहता मी ठामपणे सांगणार नाही. मांडीचा मोठा स्नायू वाटीखाली नडगीच्या हाडाला जिथे धरतो, तिथे वाढत्या वयात ओढ बसते आणि ती जागा दुखते. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत तो फार आढळतो आणि त्याने उंची कमी होत नाही. उड्या आणि फुटबॉल दोन-तीन आठवडे कमी करा, दुखत नाही तेवढ्याच खोलीपर्यंत बैठक ठेवा, खेळून आल्यावर बर्फ लावा आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणण्याचा व्यायाम रोज करून घ्या. वाढ पूर्ण झाली की त्रास बहुधा थांबतो; उंचवटा राहू शकतो. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, लंगडणे किंवा गुडघा अडकणे यातले काही दिसले, तर मात्र वाट न पाहता जवळच्या अस्थितज्ज्ञाकडे नेऊन एक्स-रे काढून घ्या.